डाऊन सिंड्रोम: तोंडाचे व्यायाम आधी की घोरण्याची तपासणी आधी? मदत हवी आहे

लेकाची आई:

नमस्कार मंडळी. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम. हृदयातलं छिद्र बंद झालंय, थायरॉइडची गोळी चालू आहे. बसणं, चालणं उशिरा का होईना, आलं. आता गाडं तोंडापाशी अडलंय. तोंड सतत उघडं, जीभ खालच्या ओठावर टेकलेली, लाळेरं सारखं बदलावं लागतं. शब्द मोजकेच, तेही घरच्यांनाच कळणारे. चावणं जवळजवळ नाहीच. चपाती दुधात कुस्करली तर जाते, नुसता तुकडा दिला की जिभेने बाहेर ढकलतो.

रात्री घोरतो. झोपतोही विचित्र: मांडी घालून पुढे वाकतो आणि डोकं गादीला टेकवतो, अगदी घडी घातल्यासारखा. सरळ केलं की थोड्या वेळाने पुन्हा तसाच. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही लहानपणी असेच लोळायचे.

आमच्या इथल्या एका केंद्रात शिट्ट्या, फुंकण्याचे खेळ, थरथरणाऱ्या ब्रशने गाल-जिभेला मसाज असं महिन्याचं पॅकेज सांगितलंय. रक्कम आम्हाला जड आहे. शहरातल्या दुसऱ्या थेरपिस्ट मॅडमनी फाइल बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घोरतो का?" त्यांचं म्हणणं, आधी कान-नाक-घसा डॉक्टर आणि झोपेची तपासणी, व्यायामाचं मग बघू. दोघीही शिकलेल्या, अनुभवी. आम्ही कुणाचं ऐकायचं? आधी पैसे कशावर घालायचे?

शिवाय पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर रात्री ओठांवर चिकटपट्टी लावायचा व्हिडिओ फिरतोय. कुणी करून बघितलंय का?

वाचाउपचारक:

ताई, चिकटपट्टी अजिबात लावू नका. नाक चोंदलेलं असेल तर तोंड हाच त्याचा श्वासाचा रस्ता आहे. उलटी झाली तर काय होईल, याचाही विचार करा.

शहरातल्या मॅडमचं बरोबर आहे, असं माझं मत. या मुलांची जीभ मोठी वाटते, पण मुख्य अडचण जागेची असते. चेहऱ्याचा मधला भाग लहान, टाळू अरुंद, त्यात स्नायू सैल. मागे अॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) आणि टॉन्सिल वाढलेले असले की हवेला वाट उरत नाही, म्हणून मूल जीभ पुढे काढून वाट करून घेतं. अशा मुलाला "तोंड मीट, जीभ आत" म्हणून दिवसभर टोकण्यात काय अर्थ आहे? तुम्ही लिहिलेली घडी घालून झोपण्याची पद्धत झोपेत श्वास अडत असल्याची खूण असू शकते. मान मागे टाकून झोपणं, झोपेत घाम, सकाळी चिडचिड, याही तशाच. आणि लक्षणं दिसत नसली तरी डाऊन सिंड्रोमच्या प्रत्येक मुलाची झोपेची तपासणी वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत करावी, अशी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. कारण आईवडिलांना वाटतं त्यावरून नेमका अंदाज येत नाही.

त्याच फेरीत कानही तपासून घ्या. पडद्यामागे पाणी साचणं या मुलांत फार आढळतं, आणि ऐकूच कमी येत असेल तर शब्द कुठून येणार?

आता व्यायामांबद्दल. सगळे व्यायाम टाकाऊ नाहीत, पण कशासाठी करतोय ते विचारा. नुसतं फुंकून बोलणं सुधारतं याला भक्कम पुरावा नाही. बोलणं बोलण्यातूनच येतं: प, ब, म ओठांवर दाखवणं, सोबत हाताच्या खुणा. खाणं-पिणं मात्र घरच्या घरी सुधारता येतं. चमचा चपटा घ्या, घास जिभेच्या मध्यावर ठेवून हलकेच दाबा आणि थांबा. त्याचा वरचा ओठ आपणहून खाली येऊन घास ओढेल, तेव्हाच चमचा सरळ बाहेर काढा. आपण घाईत चमचा वर उचलून घास वरच्या दातांना पुसतो, त्यात ओठांना कामच उरत नाही. भाकरीची किंवा टोस्टची बोटाएवढी पट्टी बाजूच्या दाढांवर द्या, समोरून नको. स्ट्रॉ आखूड घ्या, टोक ओठांतच राहू दे, दातांनी चावायचं नाही. हे सगळं त्याला ताठ बसवून आणि तुमच्या देखरेखीखाली. खाता-पिताना वारंवार खोकला येत असेल किंवा छाती सारखी भरत असेल तर आधी गिळण्याची तपासणी. आणि फुगे देऊ नका, तुकडा घशात अडकतो. साबणाचे बुडबुडे चालतील.

नगरचा बाबा:

आमची लेक आता नऊ वर्षांची. अॅडेनॉइड आणि टॉन्सिल काढले. घोरणं पुष्कळ कमी झालं, पण काही महिन्यांनी पुन्हा केलेल्या तपासणीत थोडा अडथळा उरलेला निघाला. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत असं बरेचदा होतं म्हणे, म्हणून ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असं धरू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांशी मानेबद्दल आवर्जून बोला. वरचे मणके सैल असू शकतात, ते मग मान जपून हाताळतात.

टाळूला बसवायच्या प्लेटबद्दलही कुणीतरी सांगेल. अर्जेंटिनाच्या डॉ. कास्टिलो मोरालेस यांची ती पद्धत. ती मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी आहे, साडेतीन वर्षांच्या मुलासाठी त्यामागे धावू नका.

खर्चाचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात, विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे, तिथे थेरपी मोफत मिळते. थेरपिस्टची जागा भरलेली आहे का, ते फोन करून विचारा, नाहीतर एसटीचे पैसे वाया. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) झालं असेल तर 'निरामय' हा सरकारी आरोग्य विमाही काढा. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, त्यात थेरपीचाही खर्च काही मर्यादेत मिळतो.

लेकाची आई:

दोघांचे मनापासून आभार. चिकटपट्टीचा विषय संपला. चमच्याचं आजच दुपारी करून बघितलं. वाट बघावी लागते, पण दोन-तीन घासांना ओठ खरंच खाली आला! पॅकेजला तूर्तास नाही कळवतेय.

सासूबाई वेखंड उगाळून जिभेवर लावायचं म्हणतात. आणि तपासणीला रात्रभर वायरी लावतात ना? हा तर डोक्यावर टोपीसुद्धा ठेवत नाही.

वाचाउपचारक:

वेखंडाने जीभ सैल होत नाही की घट्ट होत नाही. आजींना बुडबुड्यांचं काम द्या, त्या आवडीने करतील.

नगरचा बाबा:

आमचीही तशीच होती. आधी आठवडाभर घरी खेळ-खेळ केला, बाहुलीला चिकटपट्ट्या, मग बाबाला, मग तिला. डोक्यावरच्या वायरी तिथल्या बाईंनी ती गाढ झोपल्यावर लावल्या. घरची चादर आणि रोजची उशी न्या. आणि त्या दिवशी सकाळी न्हाऊ घालून केस कोरडे ठेवा, तेल अजिबात नको. तेल असलं की वायरी धरतच नाहीत.