जॉन आल्टगेल्ड: जर्मनीत जन्मलेला इलिनॉयचा गव्हर्नर, माफी दिल्याने करिअर कसं संपलं?

१ मे जवळ आला म्हणून शिकागोच्या हेमार्केटबद्दल वाचत होतो, आपल्याकडे त्या दिवशी महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन दोन्ही असतात पण शिकागोत नेमकं काय झालं ते मला तरी शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. त्यात हे आल्टगेल्डचं नाव आलं, हेमार्केटच्या खटल्यातल्या तिघांना माफी देणारा गव्हर्नर. दोन शंका आहेत. परदेशात जन्मलेला माणूस राज्यपाल कसा काय झाला? आणि माफी देणं अधिकारातच असेल तर त्यासाठी कोणी राजकारणातून उठतं का?

प्रतिसाद १
आपला राज्यपाल डोळ्यासमोर आणू नका, तिथला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो आणि राज्याचा कारभार तोच चालवतो, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचं पद. जन्माने नागरिक असायची अट राष्ट्राध्यक्षाला आहे, गव्हर्नरला नाही. श्वार्झनेगर नाही का, ऑस्ट्रियात जन्मून कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला.
आल्टगेल्ड १८४७ चा, तान्हा असतानाच आईवडील ओहायोत आले, घरी शेती आणि गरिबी. सोळाव्या वर्षी यादवी युद्धात गेला, तिथे ताप घेऊन आला. मग रेल्वेवर मजुरी, मिझुरीत मास्तरकी, वकिली, १८७५ ला शिकागो. जमिनी-इमारतींत चिकार पैसा केला, न्यायाधीश झाला आणि १८९२ ला गव्हर्नर निवडून आला.

प्रतिसाद २
माफीबद्दल लिहितो कारण माझ्या मते सगळा माणूस तिथेच कळतो.
४ मे १८८६ ला हेमार्केटच्या कामगार सभेत बाँब पडला, पोलीस मेले. बाँब कोणी टाकला ते आजतागायत कळलेलं नाही, तरी कामगार चळवळीतले आठ अराजकवादी दोषी ठरले, चौघांना १८८७ ला फाशी, एक आदल्या दिवशी तुरुंगात मेला. उरले फील्डन, श्वाब आणि नीबी. 'झाली तेवढी शिक्षा पुरे, आता दया दाखवा' असं म्हणणारे बरेच होते, आल्टगेल्डने तेवढंच लिहून सही केली असती तर फारसं काही बिघडलं नसतं. पण २६ जून १८९३ ला त्याने तिघांना सोडताना लांबलचक निवेदन काढलं की खटलाच चुकीचा होता, ज्युरी ठरवून निवडलेली, बाँब टाकणाऱ्याशी या लोकांचा संबंध सिद्धच झालेला नाही, न्यायाधीश पक्षपाती. दया केली असं नाही म्हणाला, अन्याय झाला असं म्हणाला! पेपरवाले तुटून पडले, त्याचं परदेशात जन्मणंही काढलं.

प्रतिसाद १
+१. आणि १८९४ चा रेल्वे कामगारांचा पुलमन संप पण बघा. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड त्याच्याच पक्षाचा, त्याने न विचारता शिकागोत केंद्राचं सैन्य पाठवलं तर याने उघड विरोध केला. कारखान्यांच्या तपासणीसाठी फ्लॉरेन्स केली या बाईंना मुख्य इन्स्पेक्टर नेमलं ते पण यानेच, बायकांसाठी आठ तासांचा कायदा झाला होता पण १८९५ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो भाग उडवला.

मूळ प्रश्नकर्ता
खूप आभार दोघांचे. मग पुढे काय झालं त्याचं?

प्रतिसाद २
१८९६ ला गव्हर्नरची निवडणूक हरला. पैसाही गेला, शेवटी क्लॅरन्स डॅरो या नावाजलेल्या वकिलाच्या फर्ममध्ये वकिली करत होता. मार्च १९०२ मध्ये इलिनॉयमधल्याच जोलिएटला, दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढणाऱ्या बोअर लोकांच्या बाजूने भाषण दिलं, तिथेच कोसळला आणि गेला, वय ५४. जमलं तर ते माफीचं निवेदन मुळातून वाचा, ज्युरी कशी निवडली तो भाग आधी काढा.