'पारंपरिक वाण' म्हणजे नेमकं कोणतं?

कळंबकर: गावच्या गटासाठी जीएम, म्हणजे जनुकीय सुधारित, पिकांच्या सुरक्षा तपासणीवर चार पानं मराठीत करतोय. जीएम वाण एकटं तपासत नाहीत, त्याच पिकाच्या बिनजीएम वाणाशी ताडून बघतात, प्रोटीन, तेल, विषारी घटक सगळं, आणि जिथं फरक दिसतो तिथं खोलात जातात. त्या दुसऱ्याला मी 'पारंपरिक वाण' लिहिलं. बाबांनी वाचलं अन् म्हणाले, म्हणजे गावरानी कापूस का? पण बीटी या जीएम कापसाच्या तुलनेला तेच हायब्रिड बीटीविना घेतात. काय लिहू?

पऱ्हाटी: पारंपरिक नकोच भाऊ. गावरानी वेगळं, सरळ वाण वेगळं, हायब्रिड वेगळं. 450 ग्रॅमच्या बीटी पाकिटात 120 ग्रॅमची नॉनबीटीची पुडी यायची ना, धुऱ्याच्या कडेनं लावायची, आमच्याकडचे कितीक जण तशीच फेकून देत, ते तुमचं वाण. 'नॉनबीटी' लिहा, लहान पोराले समजते.

बोरूबहाद्दर: मराठीत 'मूळ वाण' आहे की. आणि 'जनुकीय सुधारित' पण काढा. सुधारित म्हणजे चांगलं झालेलं, मग तपासता कशाला? 'जनुक बदललेलं' म्हणा.

पऱ्हाटी: हे पटलं. सुधारित म्हटलं की आम्हाले अकोल्याच्या विद्यापीठाचं बियाणं आठवते. पण 'मूळ' म्हणजे परत गावरानीच.

वऱ्हाडची लेक: आजी म्हणायची, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. तिथं वाण म्हणजे रंग, 'वर्ण'वरून. बीटीत तेच झालं बघा, मातीतल्या जिवाणूचा गुण कपाशीला लागला, बोंडअळी मरावी म्हणून. संक्रांतीचं वाण मात्र 'वायन'वरून.

बोरूबहाद्दर: बियाण्याचं वाण 'वर्ण'वरूनच कशावरून? मला नाही पटत.

धानपट्टा: मुद्दा राहतोय. जुनं म्हणजे बिनधोक, हे शब्दातून जायला नको. आमच्या भंडाऱ्यात धानाच्या बांधीत लाखोळी टाकतात, तीच डाळ महिनोन्‌महिने पोटभर खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून 1961 मध्ये विक्रीवर बंदी आली होती. सरकीत गॉसिपॉल हा विषारी घटक असतोच, बीटी असो नसो, म्हणून आई लहान वासरांपुढे ढेप ठेवू देत नव्हती. तुलना निर्धोक वाणाशी नसते, वापरून ठाऊक असलेल्या वाणाशी असते. 'सरावाचं वाण' लिहा.

कळंबकर: 'सरावाचं' आवडलं, पण बाबा म्हणतात आमच्या सरावाचं तर आता बीटीच, 2002 ला मंजूर झालं, अन् नॉनबीटी दुकानात मागून बघ.

वऱ्हाडची लेक: लाखोळी का लाखोरी? गोंदियाच्या मामी 'लाखोरी' म्हणतात.

धानपट्टा: दोन्ही ऐकलंय. आमच्या घरी ळ.