ब्योर्नडालेनला चीनमध्ये जमलं नाही, यात नवल काय?

कोकणकडा:
बायथलॉन म्हणजे स्कीवरून धापा टाकत यायचं आणि श्वास आवरून रायफलने ५० मीटरवरच्या पाच ठिपक्यांवर नेम धरायचा. सर्वसाधारण शर्यतीत एक चुकला की १५० मीटरची जादा फेरी. नॉर्वेच्या ओले आयनार ब्योर्नडालेनने यात ८ ऑलिंपिक सुवर्णं घेतली. २००२ ला सॉल्ट लेक सिटीत तर चारच्या चार शर्यती त्याच्या! २०१९ मध्ये चीनने त्याला बीजिंग ऑलिंपिकसाठी प्रशिक्षक नेमलं, बायकोही सोबत. २०२२ ला बायथलॉनमध्ये पदकं शून्य.

मला यात नवल वाटत नाही. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमधली स्प्रिंट, म्हणजे कमी अंतराची शर्यत, आठवा. चाळिशीचा गडी, एक गोळी चुकली, वीस-पंचवीस सेकंदं गेली, तरी १.३ सेकंदांनी सुवर्ण. त्याची चूक त्याचे पाय भरून काढायचे. ज्याच्याकडे तसे पाय नाहीत, त्याला हा काय शिकवणार?

रानवाट:
"बायकोही सोबत"?? दार्या दोमराचेवा नाव आहे तिचं. सोचीत एकटीने तीन वैयक्तिक सुवर्णं, २०१८ ला बेलारूसच्या रिलेत चौथं. ती नवऱ्याचं सामान उचलायला गेली नव्हती, चीनच्या मुलींची प्रशिक्षक होती.

कोकणकडा:
मान्य, चुकलंच.

उत्तरध्रुव:
ऑस्लोत राहतो, होल्मेनकोलनला शर्यती बघायला जातो, म्हणून लिहितोय. इथली पोरं चालायला लागली की स्कीवर असतात. तिकडे मिळाली जेमतेम अडीच वर्षं, त्यातही कोरोना. आणि चीनला बायथलॉनमध्ये ऑलिंपिक पदक त्याआधी तरी कुठे होतं? रिकाम्या विहिरीत पोहरा टाकून दोराला दोष देताय.

बरं, २०१८ ला त्याला नॉर्वेच्या संघात जागा मिळाली नाही, तर हा बेलारूसच्या गोटात दोमराचेवासाठी हजर! तिने सुवर्ण आणि रौप्य नेलं. ते का मोजायचं नाही?

कोकणकडा:
कारण दोमराचेवा आधीच दोमराचेवा होती! उलट नेमबाजीचा प्रशिक्षक सिगफ्रीड माझे (Mazet) याच्याकडे बघा. फ्रेंच माणूस, खेळाडू म्हणून पदकांची रास नाही. आधी फ्रान्सचा विजेता मार्टिन फुर्काड याचा नेम घडवला, मग २०१६ पासून नॉर्वेच्या पुरुषांचा. बीजिंगमध्ये त्यांच्यातल्या योहानेस बोने चार सुवर्णं घेतली.

उत्तरध्रुव:
फुर्काड आणि बो! हे काय शाळेच्या मैदानातून उचलून आणले होते? दोमराचेवाला लावलात तोच न्याय इथेही लावा की राव.

रानवाट:
मोठा खेळाडू आणि चांगला प्रशिक्षकही असा जर्मनीचा मार्क किर्शनर राहिला. १९९२ आणि १९९४ मिळून तीन सुवर्णं, पुढे जर्मन पुरुषांचा मुख्य प्रशिक्षक. त्याच्या हाताखाली आर्न्ड पायफरने २०१८ ची स्प्रिंट जिंकली, एकही गोळी न चुकवता.

कोकणकडा:
किर्शनरला तयार जर्मन यंत्रणा मिळाली होती.

उत्तरध्रुव:
अहो, तेच तर मी मघापासून सांगतोय!