मदत हवी आहे: हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर रात्री जवळची स्टेशनं गायब होतात, नेट (अनेक स्टेशनांनी एकत्र संपर्कात राहणं) कसं चालवायचं?

नमस्कार मंडळी,

सोलापुरातून हॅम (हौशी) रेडिओ करतो. गच्चीवर ४० मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्‌झचा साधा डायपोल (दोन बाजूंना ताणलेल्या तारेची अँटेना) आहे, उंची बेताचीच. दिवसा पुणे, कोल्हापूर, लातूर ५-९ (म्हणजे अगदी स्पष्ट आणि जोरात) येतात. उशिरा रात्री हीच स्टेशनं बघता बघता बुडतात आणि त्याच बँडवर दिल्ली-कोलकाता खणखणीत लागतं.

थिअरी थोडीफार वाचली आहे. जवळच्या संपर्कासाठी लहर जवळपास सरळ वर जाऊन आयनोस्फिअरच्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाच्या) एफ थरावरून परतावी लागते. ऊन गेलं की तिथले इलेक्ट्रॉन कमी होत जातात. थराची क्रिटिकल फ्रिक्वेन्सी (सरळ वर गेलेली जास्तीत जास्त जेवढी फ्रिक्वेन्सी थर परतवतो ती) ७ च्या बरीच खाली आली की सरळ वर गेलेली लहर थर भेदून निघून जाते. तिरपी गेलेली मात्र वळून लांब कुठेतरी उतरते.

अडतं ते इथे: परदेशी हँडबुकांप्रमाणे अंधार पडला की हे सुरू व्हायला हवं. २०२४ मध्ये, सौरडाग भरात असताना, आमच्याकडे रात्री नऊ-दहापर्यंत पुणं व्यवस्थित लागायचं, खरी बोंब पहाटे. असं का? शिवाय मार्च-एप्रिलमध्ये सूर्यास्तानंतर कधीकधी आवाज असा थरथरतो की कॉलसाइनही (स्टेशनचं ओळखनावही) कळत नाही.

हे विचारण्यामागे कारण आहे. २०१९ सारखा महापूर सांगली-कोल्हापुरात पुन्हा आला आणि रात्री मोबाइल टॉवर बंद पडले, तर आमचं नेट चाललंच पाहिजे. ८० मीटर बँडच्या डायपोलला सुमारे ४० मीटर लांब तार लागते, गच्ची तेवढी नाही. काय करावं?

प्रतिसाद:

दादा, चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. दिवसा तिथला प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन आणि आयनांचा वायू) वर उचलला जातो आणि चुंबकरेषांवरून घसरत उत्तरेला, अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यापर्यंत साठतो. आपण त्याच वाटेवर, म्हणून एफ थर उशिरापर्यंत दाट राहतो. थरथर बहुधा सूर्यास्तानंतर उठणाऱ्या प्लाझ्मा बुडबुड्यांची (एफ थरातल्या विरळ पोकळ्यांची). त्यावर अँटेना बदलून उपाय नाही, थोडं थांबून बघायचं.

रात्री ८० वरच या, त्याची फ्रिक्वेन्सी ७ च्या साधारण निम्मी, म्हणून सरळ वर गेलेली लहर सहसा परतते. दिवसा डी थर (एफच्या बराच खालचा) तो बँड गिळतो, रात्री तो अडसर नसतो. मधे खांब उभारून उलटा व्ही करा, टोकं कंपाउंडकडे उतरवा, तरी कमी पडलं तर दोन्ही बाजूंना लोडिंग कॉइल (तारेची कमी लांबी भरून काढणारं वेटोळं). टोकांना हात पोचणार नाही एवढी उंची ठेवा, ट्रान्समिट करताना तिथे व्होल्टेज जबर असतं. पावसाळ्यात विजांची खरखर ८० वर फार, तेव्हा खरखरीतूनही कळणाऱ्या सीडब्ल्यूचा (मोर्स कोडचा) सराव आत्ताच सुरू करा. गच्चीची लांबी-रुंदी टाका, कॉइलचे वेढे काढून देतो.