क्रोशे: प्रत्येक ओळीत एक खांब (उंच टाका) कमी होतो, मदत हवी आहे

मी पुस्तकावरून क्रोशे शिकत असून 4 मि.मी.च्या सुईने 22 साखळ्या घालून, सुईपासूनच्या चौथ्या साखळीत पहिला खांब घेतला की सुरुवातीच्या 3 साखळ्या धरून पहिल्या ओळीत बरोबर 20 खांब भरतात. मात्र पुढे दर ओळीला एकेक खांब गळतो आणि सहाव्या ओळीला 15 च उरल्याने विणकाम त्रिकोणी दिसू लागते. ओळ संपून विणकाम उलटल्यावर घालायच्या 3 साखळ्या हाच नव्या ओळीचा पहिला खांब, असे पुस्तक सांगते. परंतु मग ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीतील त्या साखळ्यांच्या टोकात घ्यायचा का? आकृतीत नेमका तोच कोपरा पुसट छापला आहे. हा नमुना मला मनापासून पूर्ण करायचा आहे, म्हणून जाणकारांनी कृपया सुई नेमकी कुठे घालावी ते सांगावे.