मुलांचा मान असलेला राष्ट्रीय दिवस

राष्ट्रीय दिवसांच्या या चर्चेत पॅरिसचा १४ जुलै (फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस) आणि दिल्लीचा २६ जानेवारी यांची तुलना झाली आहे, आणि राष्ट्रीय दिवस म्हटला की लष्करी संचलन आलंच, असा सूर दिसतोय. नॉर्वेत तसं नाही, म्हणून तिथल्या १७ मे या राष्ट्रीय दिवसाची ही भर.

१७ मे १८१४ ला आइड्सवोल इथे नॉर्वेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या. म्हणजे आपल्या २६ जानेवारीसारखाच हा राज्यघटनेचा दिवस. पण त्याच वर्षी देश स्वीडनच्या राजाच्या अंमलाखाली गेला, तो थेट १९०५ पर्यंत. त्यामुळे सुरुवातीला हा दिवस साजरा करणं म्हणजे राजाची नाराजी ओढवून घेणं होतं. १८२९ मध्ये राजधानीतल्या जमावावर घोडदळ घातलं गेलं.

आज मुख्य मिरवणूक असते ती शाळकरी मुलांची. ऑस्लोत शाळांमागून शाळा आपापले झेंडे आणि बँड घेऊन राजवाड्यासमोरून जातात, आणि राजघराणं सज्जात उभं राहून त्यांना हात हलवून अभिवादन करतं. मुलांच्या मिरवणुकीची प्रथा १८७० ची. तेव्हा फक्त मुलगे असत, मुली १८८९ पासून आल्या. जर्मन ताब्याच्या काळात या सोहळ्यावर बंदी होती. ८ मे १९४५ ला देश मुक्त झाला आणि नवव्या दिवशी १७ मे उजाडला! त्या वर्षीची गर्दी कशी असेल, याची कल्पना करून बघा.

मला ही पद्धत मनापासून आवडते. आपल्या गावोगावच्या शाळांच्या प्रभातफेऱ्यांनाही असा मान मिळायला हवा. मुलांना असं अग्रस्थान देणारा आणखी कुठला देश कुणाला माहीत आहे का?