अनुभव धागा : कोल्हापुरातला तुमचा शनिवार-रविवार

थंडी पडायला लागली की पेठांत फुटबॉल हा एकच विषय सुरू होतो. खेळाडू नोंदणीत कोण कुठल्या संघातून कुठं गेला, गोलकीपर नवा आहे का, पहिली मॅच कुणाबरोबर. शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की उन्हाळ्यापर्यंत निम्म्या गावाच्या सुट्ट्या त्याच्या वेळापत्रकावर ठरतात.

हा धागा त्या सुट्ट्यांसाठी काढतोय. मिसळ, मॅच, सिनेमा, गाणं, तुमचे दोन दिवस कशात जातात ते सविस्तर लिहा. 'कोल्हापुरात पाहण्यासारखी ठिकाणं' छापाच्या याद्या नकोत, त्या सगळीकडं मिळतात. आणि संघांच्या जुन्या भांडणांची उणीदुणी इथं काढायची नाहीत.

मला स्वतःला एक गोष्ट फार दिवस सांगायची आहे. बाहेरून येणारा माणूस तांबडा-पांढरा रस्सा, कुस्ती आणि अंबाबाई एवढं बघून परततो. पण कुस्तीचं खासबाग मैदान, केशवराव भोसले नाट्यगृह, गाण्याच्या मैफलींचा देवल क्लब आणि फुटबॉलचं शाहू स्टेडियम हे सगळं पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. दुपारी गॅलरीत घसा बसेपर्यंत ओरडणारा माणूस रात्री ख्याल ऐकायला मांडी घालून बसलेला मी पाहिलाय. माझे काकाच तसे होते. या गावात हे दोन शौक वेगळे मानत नाहीत, आणि मला त्याचा अभिमान आहे. आता तुम्ही लिहा.

मंगळवार पेठ

सुरुवात मीच करतो. आमच्या घरात तीन पिढ्या पाटाकडीलच्या. बाहेरच्यांना सांगावं लागतं की इथले संघ तालमींचे आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या मुळात पेठांच्या तालमी. जिथं लाल मातीत कुस्ती घुमायची, तिथल्याच पोरांनी पुढं फुटबॉल धरला. त्यामुळं संघ हरला तर 'टीम हरली' असं कुणी म्हणत नाही, 'आपण हरलो' म्हणतात.

शनिवारी मॅच असेल तर सकाळी मिसळ ठरलेली. उद्यमनगरात फडतरेंकडं नाहीतर थेट बावड्याला. कट वेगळा मागायचा, त्यात ब्रेडची स्लाइस बुडवायची आणि दुपारच्या लायनअपवर वाद घालायचा. दुपारी जेवण हलकं. चारच्या मॅचला जायचं तर तीनला गॅलरीत पोचलेलं बरं, विशेषतः समोर दिलबहार किंवा शिवाजी तरुण मंडळ असेल तर. नंतर सिमेंटच्या पायरीवर टेकायलासुद्धा जागा मिळत नाही.

पण मला मॅचएवढंच तालमीतलं आवडतं. आमच्यातला एक बचावपटू आठवडाभर उद्यमनगरात लेथवर काम करतो. मॅचच्या दिवशी मालक त्याला अर्धी सुट्टी देतो आणि स्वतः गॅलरीत येऊन बसतो. कुणाचे बूट फाटले तर पेठेतलं कुणीतरी नवे आणून ठेवतं आणि नाव सांगत नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर वर्गणी चुकवली नाही, पगार थकला तेव्हासुद्धा. मोठ्या शहरात पैसे भरून क्लबचा सदस्य होता येतं. इथं माणूस जन्माला येतो तेव्हाच त्याचा संघ ठरलेला असतो.

टायब्रेकरला गेलेली मॅच ज्यानं इथं पाहिली नाही, त्यानं एकदा पाहावीच. हजारो माणसं एकदम गप्प होतात. पेनल्टी मारणाऱ्या पोराची आई घरी देवापुढं बसलेली असते, हे मला माहीत आहे, कारण आमच्या वाड्यातच तो राहायचा.

राजारामपुरी

मी खेळते. लिहू का नको असा विचार करत होते, कारण धाग्यावर सगळे काकालोक दिसतायत!

शनिवारी सकाळी सहाला सराव असतो. शाळेत असताना मुलांबरोबर खेळायचे, आता आमचा मुलींचा वेगळा गट आहे. 2017 मध्ये 17 वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा आपला अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. त्या महिन्यात गल्लीतल्या प्रत्येक पोराला बूट हवे होते. मी पण हट्ट धरला आणि बाबांनी मला घेऊन दिले. त्याबद्दल घरात कुणी एक शब्द बोललं नाही. उलट आजी सरावानंतर अंड्याची पोळी करून ठेवायला लागली.

सराव संपला की आम्ही सगळ्याजणी पोहे खातो, घरी जाऊन झोपतो आणि दुपारी बाबांबरोबर मॅचला. बाबा प्रत्येक पासवर मला विचारतात, 'तू इथं काय केलं असतंस?' मला हा प्रश्न फार आवडतो.

शिवाजी पेठ, सध्या हिंजवडी

शुक्रवारी रात्रीची गाडी पकडायची, पहाटे कावळा नाक्यावर उतरायचं. घरी बॅग टाकून आधी गंगावेशीत दूध कट्टा. समोर म्हशीची धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. पुण्यातल्या मित्रांना हे खरं वाटत नाही.

मला एका रविवारबद्दल लिहायचंय. 18 डिसेंबर 2022, विश्वचषकाची फायनल. विश्वचषक आला की आमच्या पेठेत अर्जेंटिना आणि ब्राझील असे दोन देश तयार होतात. झेंडे, कटआउट, भिंतीवरची चित्रं. आमच्या घरात मी आणि आई अर्जेंटिनाचे, भाऊ आणि वडील ब्राझीलचे. ब्राझील आधीच बाहेर पडल्यामुळं वडील महिनाभर... नाही, आठवडाभर आमच्याशी नीट बोलत नव्हते. फायनलला मी मुद्दाम रजा जोडून आलो. एवढी मॅच पुण्यातल्या खोलीत एकट्यानं बघणं मला शक्यच नव्हतं.

दुपारी मटण झालं. संध्याकाळी चौकात पडदा लागला, घराघरांतून खुर्च्या आल्या. 2-0 झालं तेव्हा फटाके वाजले. मग एम्बाप्पेनं दीड-दोन मिनिटांत दोन गोल केले आणि चौकातला आवाजच गेला. 3-3, पेनल्ट्या, शेवटी 4-2. माझ्या आईनं, जिनं कधी मैदानावर पाऊल ठेवलेलं नाही, मला मिठी मारली आणि 'झालं रे एकदाचं मेस्सीचं' म्हणाली. आणि ब्राझीलवाले वडील उठून पेढे आणायला गेले.

सोमवारी परत जाताना झोप नव्हती, पण त्या दोन दिवसांसाठी मी कितीही प्रवास करीन.

बेळगाव

मी गाण्यासाठी येतो. शनिवारी दुपारी गाडी काढली की संध्याकाळच्या मैफलीला आरामात पोचता येतं.

देवल क्लब म्हणजे गायन समाज देवल क्लब, स्थापना 1883 ची. गायक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी इथं राहिले आणि त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी याच गावात रुजली. गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्याच शिष्या, आणि मोगूबाईंकडून ती त्यांच्या लेकीकडं, किशोरीताई आमोणकरांकडं आली. मी हे पुस्तकात वाचलं होतं. पण त्याचा अर्थ कळला तो इथल्या श्रोत्यांमध्ये बसल्यावर.

एका मैफलीत गायिकेनं बसंती केदार हा जोडराग घेतला. जोडरागात दोन राग कुठं सांधले जातात हे ऐकणं हाच खरा आनंद असतो. माझ्या शेजारी साधा पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ बसले होते. त्या सांध्याच्या जागी ती पहिल्यांदा आली, तेव्हा त्यांच्या तोंडून अगदी हलकेच दाद गेली, समेच्याही आधी. मी चमकून पाहिलं. मध्यंतरात बोललो तर कळलं, ते दूध संस्थेत नोकरी करून निवृत्त झालेले, गाणं शिकलेले नाहीत, लहानपणापासून फक्त ऐकत आलेत. 'आमच्या वडलांनी खांद्यावर आणून बसवलं हो इथं,' एवढंच म्हणाले. दुपारी मॅचला होतात का, असं मी सहज विचारलं. होते. खंडोबाचे.

मोठ्या शहरांतल्या महोत्सवांना मी जातो, तिथं आवाजाची व्यवस्था उत्तम असते. पण गायकाच्या डोळ्यांत बघून ऐकणारा असा श्रोता मला तिथं क्वचितच भेटतो. कलाकारही इथं वेगळं गातात, असं माझं स्पष्ट मत आहे. चुकवून चालणार नाही हे त्यांना समोर दिसत असतं.

मैफल संपल्यावर रात्री उशिरा अंडाभुर्जी, आणि गाडीत बेळगावपर्यंत तेच स्वर.

मंगळवार पेठ

बेळगावकर, तुम्ही माझ्या काकांचंच वर्णन केलंत. पुढच्या वेळी आलात तर कळवा, आधी मॅच, मग मैफल, एकत्र जाऊ.

रविवार पेठ

मी ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतो. बाकीच्यांचा वीकेंड म्हणजे आमचे कामाचे दिवस, पण मी तक्रार करत नाही, कारण माझा आनंद त्यातच आहे. जुन्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम असला की सुधीर फडके हवेतच, ते कोल्हापूरचेच. पहिल्या सुरावटीला टाळ्या येतात.

केशवराव नाट्यगृहाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उघडलेलं. खाली बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत माइकशिवाय नुसता आवाज पोचायचा. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी ज्यांच्या नावानं ते आहे त्या गायक-नट केशवराव भोसल्यांची जयंती होती. फोन आला तसा मी धावत गेलो. रस्त्यावर नट, तंत्रज्ञ, वादक, तिकीट खिडकीवरची माणसं, सगळे उभे. ज्या ज्येष्ठ तबलजींना मी कधी आवाज चढवतानाही ऐकलं नव्हतं, ते लहान मुलासारखे रडत होते. माझा पहिला कार्यक्रम त्या रंगमंचावर झाला होता, माझ्या वडिलांचाही.

त्यानंतर आम्ही दुसऱ्या सभागृहांत वाजवतोय. लोक येतात, तितकेच येतात. पण विंगेत उभं राहून वर बघायची सवय गेलेली नाही. ते नाट्यगृह पूर्वीसारखं उभं राहावं आणि पहिल्याच आठवड्यात तिथं संगीत नाटक व्हावं, एवढी माझी इच्छा आहे.

शाहूपुरी

सिनेमावर अजून कुणीच नाही? मग मी.

हे गाव सिनेमाचं आहे हे आपल्यातलेच लोक विसरतात. बाबूराव पेंटरांनी इथं कॅमेरा स्वतः तयार केला आणि 'सैरंध्री' हा चित्रपट 1920 मध्ये आणला. प्रभात फिल्म कंपनी 1929 साली इथंच सुरू झाली, पुण्याला गेली ती 1933 मध्ये. माझे आजोबा भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांत जयप्रभा स्टुडिओत मावळ्यांच्या गर्दीत उभे राहायचे. त्यातला एखादा चित्रपट टीव्हीवर लागला की आजी पडद्याला बोट लावायची, 'ते बघ, भाल्यामागं.' आम्हाला भाला दिसायचा, आजोबा कधी दिसले नाहीत. तरी आम्ही सगळे हो म्हणायचो.

एकपडदा थिएटरं एकेक करून गेली. पत्ते मात्र अजून त्यांच्याच नावानं सांगतो आपण, व्हीनस कॉर्नर, उमा टॉकीज. नवा सिनेमा मी मल्टिप्लेक्सात बघतो, त्यात वाईट काही नाही, खुर्ची चांगली असते. पण माझा खरा शनिवार फिल्म सोसायटीचा. बाबूराव पेंटरांच्याच नावाची सोसायटी आहे. दसरा चौकात शाहू स्मारकमध्ये महोत्सव भरतो तेव्हा मी कामावर रजा टाकतो. इराणी, कोरियन, बंगाली, एकापाठोपाठ एक. बाहेर पडल्यावर चहाच्या गाडीवर जी चर्चा होते ती सिनेमापेक्षा लांबते. एकदा एका शेतकरी प्रेक्षकानं इराणी चित्रपटातल्या विहिरीच्या प्रसंगावर असं काही सांगितलं की आम्ही शिकलेली माणसं गप्प ऐकत राहिलो. पाणी आटलेल्या घरात माणसं कशी बोलतात ते त्याला माहीत होतं.

तरुणांनी यावं, एवढंच मागणं. पुढच्या रांगा रिकाम्या असतात.

मूळची अकोल्याची, नोकरीनिमित्त इथं

मी शाकाहारी. पहिले काही महिने मला वाटायचं, या गावात रविवारी माझं काय काम! मग ऑफिसातल्या ताईंनी मला हाताला धरून नेलं. खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ, मग कॉकटेल आइस्क्रीम आणि रंकाळ्यावर चक्कर. आता आईबाबा आले की मीच त्यांना असं फिरवते आणि परतताना भडंगाची पाकिटं बांधून देते.

दोन प्रश्न आहेत. मॅचला बायका-मुलांना घेऊन जाता येतं का? आणि माझ्या नवऱ्याला पांढरा रस्सा घरी करून बघायचाय, हॉटेलात प्यायल्यापासून वेड लागलंय. नीट कसा करतात?

राजारामपुरी

ताई, बिनधास्त या. लीगच्या सुरुवातीच्या, कमी गर्दीच्या मॅचला आधी या. ऊन समोरून येतं, टोपी आणि पाणी ठेवा. मी आणि बाबा असतोच.

कसबा बावडा

रश्श्याचं मी सांगते. बाकीच्यांनी मॅचवर लिहिलंय, आमचा रविवार चुलीपाशी जातो आणि तो मला तितकाच प्रिय आहे.

मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवायचं. ते पाणी म्हणजे अळणी, त्यावरच सगळं अवलंबून. पोरांना आधी त्यातलीच एकेक वाटी द्यायची. खसखस, पांढरे तीळ आणि काजू भिजवून गंधासारखं बारीक वाटायचं. तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी टाकून वाटण मंद आचेवर परतायचं, रंग अजिबात येऊ द्यायचा नाही. मग अळणी ओतायची, उकळी आली की आच कमी करून नारळाचं दूध. दूध घातल्यावर खळखळून उकळलं की रस्सा फुटतो, म्हणून तेव्हा चुलीपासून हलायचं नाही. हळद अळणीत बेतानं घातली असेल तरच रंग पांढरा राहतो. तांबड्याला त्याच अळणीत कांदा-लसूण मसाला आणि खोबऱ्याचं वाटण.

नवऱ्याला म्हणावं, पहिल्यांदा पाव किलोचाच घाट घाला. आणि वाढताना वाटी पुन्हा पुन्हा भरा, आमच्याकडं पांढरा मोजून वाढत नाहीत.